लाईन बंद करणारा माणूस बसतो कुठे?

आर्वीच्या न्यायालयाच्या आवारात परवा एका शेतकऱ्याने मला गाठले. "जयभीम वकीलसाहेब. आमची लाईन बंद करनारा मानूस बसते तरी कोठी?" त्याच्याकडे दोन एकर बागायत आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून मिळालेली. मुलगा सातारा जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या राखणीवर आहे. तो फोनवर सांगतो, वारा कितीही सुटलेला असो, मुंबईकडून निरोप आला की चक्की थांबते. बापाने त्यावरून ताडले की चक्की थांबवणारा आणि आपली मोटर थांबवणारा एकच असला पाहिजे.

त्याचे ताडणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. तो माणूस नवी मुंबईत एरोलीला बसतो. राज्य भार प्रेषण केंद्र असे त्या कचेरीचे नाव, जुने लोक तिला कळवा केंद्र म्हणतात. नागपुरात अंबाझरीला तिची शाखा आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ३१ ने हे केंद्र निर्माण झाले आणि कलम ३३ ने त्याच्या हाती चाबूक दिला. त्याचा आदेश वीजनिर्मिती कंपनी, वितरण कंपनी, सगळ्यांवर बंधनकारक. मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड.

असे केंद्र हवे की नको, हा वाद मी घालत नाही. ग्रीडमध्ये जेवढी वीज त्या क्षणी खर्च होते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवावी लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रीड लागोपाठ दोन दिवस कोसळली. वाटणीपेक्षा जास्त वीज ओढू नका, हे केंद्राचे सांगणे राज्यांनी मानले नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे मध्यवर्ती नियंत्रण पाहिजेच.

वाऱ्याने मात्र हे काम अवघड केले. महाराष्ट्रात पवनऊर्जेची क्षमता ५ हजार मेगावॉटच्या वर गेली आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे, साक्रीचे ब्राह्मणवेल, नगरचा कवड्या डोंगर. आमच्या आर्वीत एकही पवनचक्की नाही, पण त्या सगळ्यांची वीज ज्या ग्रीडमध्ये पडते तिच्यावरच आमची तार आहे. वारा जोरात वाहतो जून ते सप्टेंबर, तेव्हा आमच्या मोटरी बंद असतात. हरभरा-गव्हाला पाणी द्यायची वेळ येते तेव्हा वारा पडलेला असतो. वारा अचानक पडला तर कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रातून भर काढावी लागते, आणि तेही पुरले नाही तर कुणाची तरी लाईन कापावी लागते.

म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये वारा आणि सौर विजेसाठी अंदाज व वेळापत्रकाचे विनियम केले. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे. प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार ते पवनचक्क्यांच्या वतीने समन्वयक संस्थेने आदल्या दिवशी कळवायचे. वारा बदलला तर दिवसभरात सुधारणा करायची मुभा. अंदाज उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत चुकला तर माफ, त्यापुढे युनिटमागे ५० पैशांपासून दीड रुपयापर्यंत आकार ठरवला गेला. वाऱ्यासारख्या बेभरवशाच्या गोष्टीचा हिशेब पाव-पाव तासाने ठेवता येतो, हे यातून सिद्ध झाले. तो हिशेब ठेवणाऱ्या अभियंत्यांचे मला कौतुकच आहे.

आता खरी गोष्ट. पवनचक्की विनाकारण थांबवली तर तिच्या मालकाला काय मिळते? केंद्र सरकारने २०२१ मध्ये खास नियम केले. वारा आणि सूर्याची वीज घ्यायचीच, ग्रीडची सुरक्षा किंवा तांत्रिक अडचण सोडून ती नाकारायची नाही, नाकारली तर वीज घेणाऱ्याने कराराच्या दराने भरपाई द्यायची. आदेश पटला नाही तर वाद आयोगापुढे नेता येतो.

आणि मोटर थांबली तर? ग्राहक हक्कांचे नियम २०२० मध्ये झाले. त्यात सर्वांना चोवीस तास वीज असे म्हटले आहे. पण त्याच नियमात पुढे असेही आहे की शेतीसारख्या वर्गांसाठी आयोग कमी तास ठरवू शकेल. हक्काच्या कायद्यातच शेतकऱ्याला पंगतीबाहेर बसवले! राज्याच्या सेवा मानकांत आणखी एक वाक्य आहे. भार प्रेषण केंद्राच्या सूचनेमुळे, कंपनीच्या आवाक्याबाहेर वीज गेली असेल तर भरपाई लागू नाही. २००५ च्या विनियमांत ही सूट आली, २०१४ च्या विनियमांतही ती राहिली. म्हणजे एरोलीचा आदेश चक्कीच्या मालकासाठी दाद मागण्याचे कारण ठरतो आणि शेतकऱ्यासाठी दाद न मिळण्याचे. आदेश एकच. बरे, तो आदेश खरोखर आला होता की लाईनमनने खांबावर चढायचा कंटाळा केला, हे शेतकऱ्याला कळायचा मार्ग काय? "वरून बंद आहे" या तीन शब्दांवर सगळे प्रकरण मिटते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज, पाटबंधारे त्यांच्याच खात्यात होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या दिल्लीतील भाषणात त्यांनी वीज खासगी हाती असावी की सरकारच्या, हा प्रश्न थेट मांडला. स्वस्त आणि मुबलक वीज हे त्यांचे उद्दिष्ट होते. आपल्या माणसांना जमीन, विहीर, मोटर देणाऱ्या योजना निघाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहीर आणि पंपच नव्हे, वीजजोडणीचाही पैसा मिळतो. तास मात्र कुठल्याच योजनेत नाहीत. सौर कृषी वाहिनी पोचली त्या फीडरवर दिवसा वीज आली. जिथे ती पोचली नाही तिथे रात्रीची पाळी आहे, साप-विंचू आहेत, आणि बोर अभयारण्याच्या बाजूला वाघ आहे. वीज नसलेली दोन एकर बागायत ही सातबाऱ्यावरच बागायत असते.

माझी मागणी साधी आहे. ज्या ९६ तुकड्यांत वाऱ्याचा हिशेब लिहिला जातो, त्याच तुकड्यांत प्रत्येक शेती फीडरचा हिशेब लिहा आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वरच्या आदेशाची सूट हवी असेल तर कंपनीने त्या आदेशाची तारीख, वेळ आणि नोंद दाखवावी. नाही दाखवली तर भरपाई द्यावी.

त्या शेतकऱ्याला मी दोनशे पानी वही आणायला सांगितली. लाईन कधी आली, कधी गेली, घड्याळ पाहून लिहायचे. त्याला लिहिता येत नाही. त्याची सातवीतली नात लिहिते. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्या की माहितीच्या अधिकारात उपकेंद्राचे लॉगबुक मागवू, दोन्ही शेजारी ठेवू आणि कलम ४२(५) खाली ग्राहक तक्रार निवारण मंचात अर्ज टाकू. तिथे भागले नाही तर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांतल्या ज्यांच्या शेतात रात्रीची पाळी आहे, त्यांनी आजपासून अशीच वही सुरू करावी. शक्यतो शाईच्या पेनने.