‘मंकी आयलंड’वर तीन दशकांनी

संगणकीय खेळ म्हटले की धावपळ, गोळीबार आणि बोटांची चपळाई डोळ्यांसमोर येते. ‘पॉइंट अँड क्लिक’ साहसखेळांची जातकुळी मात्र निराळी. पडद्यावरील वस्तूवर माऊसने क्लिक करायचे, ती उचलायची, दुसरीशी जोडून पाहायची, पात्रांशी बोलायचे आणि कोडी सोडवत कथा पुढे न्यायची. येथे कस लागतो तो बुद्धीचा आणि चिकाटीचा.

या प्रकारातील मानदंड म्हणजे लुकासफिल्म गेम्सचा १९९० मधील ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. समुद्री चाचा होऊ पाहणाऱ्या गायब्रश थ्रीपवुड या भाबड्या तरुणाची ही विनोदी कथा. त्या काळी अनेक साहसखेळांत एक पाऊल चुकले की नायक मरे. आरंभी एखादी वस्तू घ्यायची राहिली तर पुढची वाटच खुंटे. रॉन गिल्बर्ट यांनी ही जाचक रीत मोडली आणि खेळाडूला निर्धास्तपणे चुका करण्याची मुभा दिली.

१९९१ चा दुसरा भाग एका चक्रावून टाकणाऱ्या वळणावर संपला. पुढच्याच वर्षी गिल्बर्ट कंपनीतून बाहेर पडले. हक्क कंपनीकडे राहिले, पुढील भागांची सूत्रे इतरांकडे गेली. अखेर १९ सप्टेंबर २०२२ रोजी ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ आला. जुने सहकारी डेव्ह ग्रॉसमन यांच्यासह गिल्बर्ट यांनी कथा उचलली, ती नेमकी त्या वळणापासूनच.

परंतु वाट सुकर नव्हती. रेक्स क्रोल यांच्या कलादिग्दर्शनाखाली साकारलेली नवी, कोनदार चित्रशैली पाहून काही जुने चाहते संतापले. वैयक्तिक टीका एवढी झाली की, गिल्बर्ट यांनी आपल्या संकेतस्थळावर खेळाविषयी लिहिणेच थांबवले. जुन्या ठिपकेदार चित्रांचे त्यांना वावडे होते असे नव्हे. २०१७ चा त्यांचा ‘थिम्बलवीड पार्क’ त्याच धाटणीचा होता. १९९० मध्ये मात्र ते ठिपके ही जुन्याची आठवण नव्हती, त्या काळचे तंत्रच तेवढे होते.

बदल इतरही झाले. पडद्याच्या तळाशी असणारी क्रियापदांची यादी गेली. अडलेल्या खेळाडूसाठी खेळातच सूचनापुस्तिका आली. ती उत्तर एकदम सांगत नाही. आधी दिशा दाखवते, मग एकेक पायरी उलगडते. इंटरनेटवर प्रत्येक कोड्याचे उत्तर क्षणात सापडत असताना स्वतः विचार करण्याचा आनंद टिकवण्याचा हा समंजस उपाय.

उत्तम उत्तरार्धाने जुन्याची हुबेहूब नक्कल करावी, असे नाही. मूळ कृतीचा गाभा जपला म्हणजे पुरे. येथे तो गाभा होता चुकण्याचे स्वातंत्र्य, आणि तो शाबूत राहिला.