हसणाऱ्या पित्याचा आरसा

नेदरलँड्समधील हेग शहरात, माउरित्सहाउस संग्रहालयात, यान स्टेन (१६२६-१६७९) या चित्रकाराचे सुमारे १६६८-७० मधील एक भव्य चित्र आहे. घरात मेजवानी रंगली आहे. आजीबाई कागदावरील गाणे वाचत आहेत, एका स्त्रीच्या पेल्यात मद्य ओतले जात आहे आणि एक पिता हसत हसत लहान मुलाला मातीच्या पाइपने तंबाखू ओढण्यास शिकवीत आहे. वर दांडीवर पोपट बसला आहे. ऐकेल तेच बोलणारा!

‘थोर जसे गातात, तशीच पोरे वाजवितात’ ही डच म्हण या चित्राचा विषय होय. वाद्य फुंकणे व पाइप ओढणे यांसाठी डच भाषेत एकच शब्द असल्याने म्हणीवर श्लेषही साधला आहे.

स्टेन हे कॅथलिक होते. त्या काळी तेथे कॅथलिकांच्या जाहीर उपासनेस बंदी होती; भाविक घरांत दडलेल्या मंदिरांत मिस्सासाठी जमत. ते बिअर बनविणाऱ्याचे पुत्र; १६७२ साली लायडन येथे त्यांनी स्वतः मद्यालय चालविण्याचा परवाना मिळविला. त्यामुळे हे जग त्यांना आतून ठाऊक होते.

परंतु आम्हांस अंतर्मुख करते ती गोष्ट निराळीच. पाइप देणाऱ्या त्या पित्याचा चेहरा स्टेन यांनी स्वतःचाच रंगविला आहे! दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविण्यापूर्वी त्यांनी स्वतःस चित्रात बसविले. व्यसनाविरुद्ध मुलांना उपदेश करताना आपण पालक व धर्मगुरू त्या चित्रात कोठे बसलो आहोत?