कंपनीचं आयटी पोर्टल बदललं की नव्या माणसाचा लॅपटॉप का अडकतो?

समजा, सोमवारची सकाळ आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत नवीन मुलगी जॉईन झालीये. आयडी कार्ड मिळालं, बसायला जागा मिळाली, पण लॅपटॉपचा पत्ता नाही. एचआर म्हणतंय, रिक्वेस्ट गेल्या आठवड्यातच टाकलीये. आयटीवाले म्हणतायत, आमच्याकडे काहीच आलेलं नाही.

दोघंही खरं बोलतायत. शनिवार-रविवारी कंपनीनं जुनं पोर्टल बंद करून नवीन चालू केलं आणि तिची रिक्वेस्ट जुन्या पोर्टलवर मॅनेजरच्या मंजुरीची वाट बघत राहिली.

हे जे बदललं त्याला आयटीवाले म्हणतात सर्व्हिस कॅटलॉग. सोप्या भाषेत सांगायचं तर हॉटेलातलं मेनूकार्ड. लॅपटॉप हवाय, व्हीपीएन हवंय, एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हवंय, शेअर्ड फोल्डर बघायची परवानगी हवीये, तर त्या नावावर क्लिक करायचं आणि फॉर्म भरायचा.

पण ग्राहकाला मेनूकार्ड दिसतं, किचन दिसत नाही. एका फॉर्ममागे बऱ्याच गोष्टी असतात. मंजुरी कुणी द्यायची, काम कुठल्या टीमकडे जायचं, ते किती दिवसांत व्हायला हवं, खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, हे सगळं त्यात बसवलेलं असतं.

यातली 'बिघडलंय' आणि 'हवंय' ही फोडसुद्धा तशी उशिराच झाली. ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेनं 80 च्या दशकाच्या शेवटी आयटी सेवा कशी द्यावी याची पुस्तकं काढायला सुरुवात केली. तीच पुढं आयटीआयएल म्हणून जगभर वापरली गेली. त्यात सुरुवातीला प्रिंटर बंद पडल्याची तक्रार आणि नवीन प्रिंटरची मागणी एकाच रांगेत जायची. 2007 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं मागण्यांची प्रक्रिया वेगळी काढली.

मग चालू पोर्टल बदलायचंच कशाला?

बऱ्याचदा कंपनीच्या हातात नसतं म्हणून. जिराचंच उदाहरण घ्या. सिडनीच्या अटलासियन कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुळात बग नोंदवण्यासाठी होतं. गॉडझिलाचं जपानी नाव 'गोजिरा', त्यावरून 'जिरा'. आपल्या फोडणीतल्या जिऱ्याशी संबंध नाही. 2013 मध्ये त्यांनी त्यावरच सर्व्हिस डेस्क आणलं आणि अनेक कंपन्यांनी आपला कॅटलॉग तिथं मांडला, तोही स्वतःच्या सर्व्हरवर.

ऑक्टोबर 2020 मध्ये अटलासियननं जाहीर केलं की सर्व्हर आवृत्ती बंद होणार. 15 फेब्रुवारी 2024 ला तिचा सपोर्ट संपला. त्यानंतर सुरक्षेतली त्रुटी सापडली तरी दुरुस्ती मिळणार नाही. म्हणजे क्लाउडवर जा, महागडं डेटा सेंटर लायसन्स घ्या, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर शोधा.

फॉर्म उचलून तिकडं ठेवले की झालं ना?

नाही ना. फॉर्म हलवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

जुन्या सर्व्हरवर माणसाची ओळख युजरनेमनं व्हायची. क्लाउडवर ती एका अकाउंट आयडीनं होते आणि प्रत्येक खात्याला स्वतंत्र ईमेल लागतो. आता 'पन्नास हजारांपुढची खरेदी अमुक युजरनेमकडे मंजुरीला पाठव' अशी स्क्रिप्ट कुणीतरी पाच वर्षांपूर्वी लिहून ठेवली असेल, तर ती तिकडं चालत नाही. सर्व्हरवर स्क्रिप्टरनरसारखी ॲप वापरून केलेलं काम बऱ्याच ठिकाणी नव्यानं लिहावं लागतं.

आणि नव्यानं लिहायला बसल्यावर खरी गंमत कळते. मंजुरी ज्या साहेबांकडे जात होती ते दोन वर्षांपूर्वीच कंपनी सोडून गेलेत. आयटीतलाच कुणीतरी मागच्या दारानं रिक्वेस्ट पुढं ढकलत होता. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तो त्याच्या डोक्यात होता. जुन्या पोर्टलवर गाडी चालत होती ती अशा माणसांच्या जिवावर. नवं पोर्टल फक्त लिहिलेलं ऐकतं.

म्हणून जाणकार टीम आधी यादी काढतात. वर्षभरात कुठली मागणी किती वेळा आली, तिचा मालक कोण, मंजुरी कुठल्या पदाकडे जायला हवी. माणसाचं नाव नको, पद हवं. ज्या फॉर्मला मालकच सापडत नाही तो तिकडं न्यायचा नाही. 'सगळं जसंच्या तसं न्या, साफसफाई नंतर करू' असं ठरवणाऱ्या कंपन्याही असतात. मुदत डोक्यावर असेल तर तेही समजू शकतं, पण ते 'नंतर' सहसा येत नाही.

मग प्रश्न येतो अर्धवट राहिलेल्या रिक्वेस्टचा. साधा मार्ग असा की ठरलेल्या तारखेपासून जुन्या पोर्टलवर नवीन मागणी घ्यायची नाही, पण आधीच्या मागण्या तिथंच पूर्ण करायच्या. काही आठवडे दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळं लोक वैतागतात. दुसरा मार्ग म्हणजे उघड्या रिक्वेस्ट नव्या पोर्टलवर हलवायच्या. मग प्रत्येक मंजुरी कुठल्या टप्प्यावर होती ते तपासावं लागतं. वरच्या गोष्टीतल्या कंपनीनं यातलं काहीच केलं नाही.

लॅपटॉप अडकला तर बोंब तरी होते. उलटी केस जास्त वाईट. कंपनी सोडून गेलेल्या माणसाची खाती बंद करण्याची रिक्वेस्ट अशीच अडकली, तर तक्रार करायला कुणी नसतं आणि त्याचं लॉगिन चालू राहतं. त्यामुळं चाचणी करताना हा फॉर्म सगळ्यात आधी तपासावा. जुन्या मंजुऱ्यांच्या नोंदीही केवळ वाचता येतील अशा ठेवाव्या लागतात, कारण ऑडिटर येऊन विचारतात, या माणसाला हा ॲक्सेस कुणी दिला होता?

राहता राहिले ते डेटा सेंटर लायसन्स घेऊन 2024 मध्ये सुटलेले. अटलासियननं सप्टेंबर 2025 मध्ये त्याचीही तारीख जाहीर केली आहे, 28 मार्च 2029.