आठ हॉर्सपॉवरची गिरणी आणि बेव्ह्यूच्या गाड्या

कविता टंकायला म्हणून मी २००५ साली संगणक घेतला. दोन महिन्यांत तो माझा राहिला नाही. दिवाळीच्या सुटीत बहिणीचा मुलगा राहायला आला, येताना दप्तरात कसल्याशा सीड्या घेऊन आला आणि माझी वही पुन्हा बाहेर निघाली.

खेळाचं नाव ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २’. तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आला होता. बेव्ह्यू नावाचं एक काल्पनिक शहर, तिथे कायमची रात्र, चमकणारे रस्ते आणि त्या रस्त्यांवर चोरून लावलेल्या शर्यती. शहर खोटं, पण गाड्या खऱ्या. प्यूजो २०६, होंडा सिव्हिकपासून ते मझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, निस्सान स्कायलाइनपर्यंत. मी दारातून डोकावायचो आणि ‘काय हा गोंगाट’ म्हणून परत फिरायचो.

एका दुपारी पाहिलं तर पोरगा शर्यत खेळतच नव्हता. पडद्यावर गाडी एका जागी उभी, इंजिनचा आवाज मात्र चढत चाललेला आणि त्याबरोबर दोन वाकड्या रेषा उमटत होत्या. म्हणाला, “मामू, गाडी डायनोवर लावलीय. इंजिनची ताकद मोजतोय.”

मी खुर्ची ओढून बसलो. त्याचं कारण अब्बा.

आमच्या गावी अब्बांची पिठाची गिरणी होती. ती ऑइल इंजिनवर चालायची. इंजिनावर एक पितळी पट्टी, तीवर कोरलेलं: आठ हॉर्सपॉवर, ८५० फेरे. अब्बा त्या पट्टीकडे कधी बघत नसत. दाणे सुटले की इंजिनची ‘पुक-पुक’ जड व्हायची. ती ऐकून ते दाणे कमीजास्त करत. ज्वारीला वेगळा अंदाज, हरभऱ्याच्या डाळीला वेगळा. रिकामं इंजिन कुणाचंही झकास पळतं, असं ते म्हणायचे. ओझं घाल, मग बोल.

इंजिन तपासायचं शास्त्र याच वाक्यापासून सुरू होतं. ओझ्याशिवाय ताकद मोजताच येत नाही. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी १८२१ साली यासाठी एक साधी युक्ती काढली. फिरत्या आसाला लाकडी ठोकळ्यांचा चिमटा लावायचा, चिमट्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. ठोकळे आवळले की आस दांड्याला आपल्याबरोबर ओढू बघतो. दांडा आडवा स्थिर ठेवायला किती वजन लागतं, त्यावरून आसाचा पीळ कळतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत चाकावर दोरी टाकून, काट्यावर वजन वाचून मुलं हाच प्रयोग करतात. चाक इतकं तापतं, की वर पाणी सोडावं लागतं.

अख्खी गाडी तपासायची तर तिची चालती चाकं जाड रोलरवर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि ॲक्सिलरेटर दाबतात. गाडी जागेवरच, रस्ता मात्र तिच्याखाली पळतोय. रोलर किती जड आहे ते ठाऊक असतं. तो किती झटकन वेग घेतो, त्यावरून चाकांचा जोर निघतो. हा आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा नेहमी कमी भरतो, कारण गिअर आणि बेअरिंगं वाटेत आपला हिस्सा काढून घेतात.

आता त्या दोन रेषा. एक पिळाची, तिला टॉर्क म्हणतात. पाना लावून घट्ट बसलेला नट सोडवताना मनगटाला जो जोर जाणवतो, तो टॉर्क. दुसरी ताकदीची, म्हणजे हॉर्सपॉवरची. ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर उचललं, की साधारण एक हॉर्सपॉवर झाली. पिळाला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणलं, की ताकद मिळते. इतकंच नातं आहे, पण ते भल्याभल्यांना चकवतं.

मलाही चकवलं. त्या रात्री मी अब्बांच्या इंजिनचा हिशेब मांडला. आठ हॉर्सपॉवर, ८५० फेरे. म्हणजे पीळ आला सुमारे ६७ न्यूटन मीटर. मारुती ८०० या गाडीची ताकद ३७ हॉर्सपॉवर आणि जास्तीत जास्त पीळ ५९ न्यूटन मीटर. म्हणजे आमच्या गिरणीचा पीळ मोटारीपेक्षा जास्त! मोटार मिनिटाला पाच हजार फेरे मारून ताकद जमवते. गिरणी हत्तीसारखी सावकाश चालते, पण दगड फिरवते.

भाच्याला या हिशेबात रस नव्हता. त्याला हवा होता सगळ्यांत मोठा आकडा. त्या खेळात इंजिनचा जोर कमी फेऱ्यांवर वाढवायचा, मधल्या की वरच्या, हे सरकपट्ट्यांनी ठरवता येतं. त्याने सगळा जोर वर नेला. डायनोवर आकडा फुगला. सरळ रस्त्यावरच्या शर्यती तो जिंकला आणि वळणांच्या गल्ल्यांत हरला. कारण वळणातून बाहेर पडताना फेरे खाली आलेले असतात आणि तिथे त्याच्या इंजिनात जीवच उरला नव्हता. टर्बोचंही तसंच. धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर तो फिरतो. फेरे कमी, वायू कमी, मग टर्बो जागा व्हायलाच वेळ. दोन दिवसांनी त्याने रेषा मधे फुगवली. आकडा घटला, गाडी जिंकायला लागली. वृत्तात बसली म्हणून ओळ गझल होत नाही, हे मला समजायला याहून कितीतरी जास्त दिवस लागले होते.

आकड्यांचं राजकारणही त्याच्याचकडून कळलं. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून १९८९ ते २००४ या काळात कुठल्याही गाडीची ताकद कागदावर २८० च्या वर दाखवली नाही. स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८०, रोलरवर चढवली की बऱ्याचदा जास्त भरायची. सुप्रा जपानात २८०, अमेरिकेत ३२०.

बेव्ह्यूत एक गोष्ट मात्र मोजली जात नव्हती. तिथे गाडी भिंतीवर आदळली तरी पोचा पडत नाही. रस्ता ओलांडणारा म्हातारा नाही, वळणावर सांडलेली वाळू नाही. २०१२ साली भाच्याने मोटारसायकल घेतली, सायलेन्सर कापला, इंजिनवर कारागिरी करवून घेतली आणि एका रात्री बायपासवर वाळूत घसरला. मांडीचं हाड मोडलं, सहा महिने अंथरुणात. बहीण माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. संगणक माझा होता ना. गाडीची हॉर्सपॉवर त्याला तोंडपाठ होती. ब्रेक लागल्यावर ताशी ६० च्या वेगाला कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला साधारण वीस मीटर लागतात आणि १२० ला चाळीस नव्हे, ऐंशी, हे मी त्याला दवाखान्यात सांगितलं. उशिराच.

तो आता पुण्यात एका कारखान्यात इंजिन चाचणी विभागात आहे. गेल्या वर्षी मला दाखवायला घेऊन गेला. जाड काचेपलीकडे इंजिन जखडलेलं, अलीकडे पडद्यावर त्याच दोन रेषा. ओझं वाढवलं तसा इंजिनचा आवाज जड झाला. पडद्यावर सगळं दिसत असूनही त्याने मान तिरकी करून कान दिला. अब्बांना त्याने पाहिलेलं नाही.

गिरणी पुढे विजेवर गेली, इंजिन भंगारात निघालं. पितळी पट्टी तेवढी माझ्याकडे आहे. ती त्याने मागितलीय, पुढच्या खेपेला नेऊन देणार आहे.