मुक्त स्रोत परिचालन प्रणाली : डेस्कटॉप संगणकावरील प्रसार

संगणकाचे यंत्रभाग व वापरणाऱ्याच्या आज्ञावल्या यांत मध्यस्थी करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. जिची मूळ संकेतावली कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, ती मुक्त स्रोत प्रणाली होय. लिनक्स हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ मध्ये लिनक्सवर चालणारे होते. अँड्रॉइड भ्रमणध्वनींचा गाभाही लिनक्सच आहे. डेस्कटॉप संगणकांत मात्र तिचा वाटा २०२४ मध्ये सुमारे चार टक्केच होता. या विसंगतीची कारणे प्रणालीच्या गुणवत्तेपेक्षा संगणकाच्या विक्रीच्या व वापराच्या रूढ पद्धतीत अधिक आढळतात.

इतिहास : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला व पुढील वर्षी तो ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आणला. सामान्य वापरास सुलभ अशी चित्रमय मांडणी देणारे केडीई व ग्नोम हे प्रकल्प अनुक्रमे १९९६ व १९९७ मध्ये सुरू झाले. तोवर विंडोज ९५ ने बाजारपेठ व्यापली होती.

मंद प्रसाराची कारणे : बहुतेक ग्राहक संगणकासोबत आलेली प्रणालीच वापरतात, ती बदलण्याचे श्रम घेणारे थोडे. ग्राहक थोडे म्हणून लेखा, मुद्रण, आरेखन इत्यादींची व्यावसायिक सॉफ्टवेअरे लिनक्ससाठी क्वचितच निघाली आणि ती नाहीत म्हणून ग्राहक वाढले नाहीत. प्रिंटर, ध्वनी व बिनतारी जोडणीच्या यंत्रभागांचे ड्रायव्हर अनेक उत्पादकांनी दीर्घकाळ केवळ विंडोजसाठी पुरविले. वितरणांची विपुलता हे स्वातंत्र्याचे फळ असले, तरी नवशिक्यास ती गोंधळात टाकते. सर्व्हर किंवा भ्रमणध्वनीच्या बाबतीत प्रणालीची निवड तंत्रज्ञ वा उत्पादक करतो. त्यामुळे हे अडथळे तेथे गौण ठरले.

शासकीय प्रयोग : जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्स स्वीकारण्याचे ठरविले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक ‘लिमुक्स’ या स्वतःच्या आवृत्तीवर आणले. तथापि बाहेरील कार्यालयांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण व विंडोजवरच चालणारी काही सॉफ्टवेअरे यांच्या अडचणी राहिल्या. २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणक मुक्त प्रणालीवर नेण्याचे जाहीर केले. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ हे वितरण भारतीय भाषांच्या सोयींसह प्रसृत केले. केरळातील शासकीय शाळांत संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर दिले जाते; तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण व पाठ्यपुस्तके यांची जोड तिला मिळाली.

महत्त्व : शासनाच्या नोंदी दशकानुदशके जपाव्या लागतात. त्या एकाच कंपनीच्या प्रणालीवर व स्वरूपावर विसंबून असल्यास परवान्याच्या अटी, किंमत व आधार थांबविण्याची तारीख ती कंपनी ठरविते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, तेव्हा सुस्थितीतील अनेक जुन्या संगणकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. परवानाशुल्क नसणे हा मुक्त प्रणालीचा लाभ दुय्यम होय. निर्णयाचा अधिकार वापरणाऱ्याकडे राहणे हा मुख्य. मात्र प्रशिक्षण, देखभाल व खुल्या दस्तऐवज-स्वरूपांचा आग्रह यांवाचून तो अधिकार प्रत्यक्षात येत नाही.