मऊ हॅकलची ट्राउट माशी : नैसर्गिक पिसांचे कार्य, बांधणी आणि पर्यायांची परंपरा

प्रस्तावना

गळाने मासेमारी करण्याच्या कलेत कृत्रिम माशी, म्हणजेच ‘फ्लाय’, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. थंड, वाहत्या पाण्यात राहणारा ट्राउट मासा बव्हंशी जलकीटकांवर जगतो. हे कीटक इतके नाजूक असतात की त्यांना गळास टोचून आमिष करणे अवघड जाते. म्हणून पिसे, रेशीम आणि लोकर यांच्या साहाय्याने गळावरच कीटकाचा आभास निर्माण केला जातो. भारतात ट्राउट मूळचा नाही. ब्रिटिश काळात तो काश्मीर व निलगिरीच्या प्रवाहांत आणून सोडण्यात आला. प्रस्तुत लेखात उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशात विकसित झालेल्या मऊ हॅकलच्या माशीचा विचार केला आहे. या माशीत पिसाचे मोल ते कोणत्या पक्ष्याचे आहे यावरून ठरते की पाण्यात ते काय करते यावरून, हा येथील मुख्य प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाच्या झालरीस ‘हॅकल’ म्हणतात. डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॅक्टिकल अँग्लर’ या ग्रंथात अशा माशांना ‘स्पायडर’ म्हटले आहे. विरळ पायांच्या कोळ्याशी असलेल्या साम्यामुळे हे नाव पडले. कोळ्याची नक्कल करणे हा त्यामागील हेतू नव्हे. पुढे टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली यॉर्कशायरमधील माशांचे सचित्र संकलन केले. १९१६ साली एडमंड्स व ली यांचा ‘ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग’ हा ग्रंथ आला. त्याच्या मर्यादित विशेष आवृत्तीत बांधणीच्या साहित्याचे प्रत्यक्ष नमुने जोडले होते. पिसाची छटा केवळ शब्दांनी सांगता येत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होती. अमेरिकेत सिल्व्हेस्टर नेम्स यांच्या १९७५ सालच्या पुस्तकाने या परंपरेकडे पुन्हा लक्ष वेधले.

पिसाची रचना व कार्य

पिसाच्या मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंस तंतू निघतात व त्या तंतूंना सूक्ष्म उपतंतू असतात. कोंबड्याच्या मानेवरील लांब पिसांचे तंतू ताठ असतात व त्यांवर उपतंतूंचे जाळे कमी असते. त्यामुळे ती पाण्यावर तरंगणाऱ्या माशीसाठी उपयुक्त ठरतात. याउलट तित्तिर, पाणलावा, पाणकोंबडी यांची लहान पिसे मऊ असून पाणी धरून ठेवतात. अशी माशी पृष्ठभागाच्या किंचित खाली राहते. प्रवाहाच्या दाबाने तिचे तंतू मिटतात, दाब कमी होताच पुन्हा उघडतात. तळातून वर येऊन कात टाकणाऱ्या कीटकाच्या पायांची व उमलू पाहणाऱ्या पंखांची हालचाल याच प्रकारची असते. येथे हुबेहूब आकारापेक्षा हालचालीला महत्त्व आहे.

बांधणीची पद्धती

‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ ही या परंपरेतील सर्वपरिचित माशी उदाहरणादाखल घेता येईल. तिच्यासाठी १४ क्रमांकाचा गळ, नारिंगी रेशीम आणि युरोपीय करड्या तित्तिराच्या पाठीवरील एक तपकिरी, ठिपकेदार पीस एवढेच साहित्य लागते.

प्रथम रेशमास मेण चोळावे. त्यामुळे पकड वाढते व रंग गडद होतो. पिसाच्या बुडाकडील लव काढून टाकावी आणि टोक मोकळे ठेवून उरलेले तंतू मागे सारावेत. टोकाकडे कणा बारीक असल्याने पीस टोकाकडूनच, गळाच्या डोळ्यामागे बांधावे. म्हणजे गाठ जाड होत नाही. नंतर रेशमाचे एकास एक लागून वेढे देत गळाच्या अणीच्या वरपर्यंत जावे व परत डोळ्याकडे यावे. पिसाची चकचकीत बाजू पुढे ठेवून त्याचे दीड ते दोन फेरे घ्यावेत, उरलेले पीस कापावे आणि शेवटची गाठ मारावी. तंतूंची लांबी साधारणतः गळाच्या बाकापर्यंत असावी. याहून अधिक फेरे दिल्यास तंतू परस्परांना अडवतात व हालचाल मंदावते. नवशिक्याची माशी बहुधा साहित्य कमी पडल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने बिघडते.

पिसांच्या उपलब्धतेचा प्रश्न

स्ट्यूअर्ट यांच्या एका माशीसाठी टिटवीच्या कुळातील डॉटेरेल या पक्ष्याचे पीस लागे. हा पक्षी दुर्मिळ झाल्याची नोंद त्यांनी स्वतःच केली असून स्टार्लिंगच्या पंखाच्या आतील बाजूचे पीस हा उत्तम पर्याय म्हणून सुचविला आहे. म्हणजे पर्यायाचा स्वीकार ही आधुनिक तडजोड नसून तो या परंपरेच्या मूळ ग्रंथातच आढळतो.

सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या व्हिक्टोरियन काळातील शोभिवंत माश्यांचा इतिहास याहून वेगळा आहे. तेथे दूरदेशीच्या पक्ष्यांची रंगीत पिसे हेच आकर्षण ठरले. २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्षी-नमुने चोरीस गेले, ते याच हव्यासापोटी. त्यांतील अनेक नमुन्यांवरील माहितीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्याने त्यांचे शास्त्रीय मूल्य कायमचे हरपले.

मात्र मऊ हॅकलची परंपराही या चिंतेतून मुक्त नाही. एकेकाळी शेताशेतात आढळणारा करडा तित्तिर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये झपाट्याने घटला. तणनाशकांमुळे तण गेले, तणांवरील कीटक गेले आणि पिलांचे अन्न नाहीसे झाले, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. आज ब्राह्मा जातीच्या पाळीव कोंबडीची मऊ, नक्षीदार पिसे त्याऐवजी वापरता येतात.

निष्कर्ष

मऊ हॅकलच्या माशीचे मर्म तंतूंचा मऊपणा, योग्य छटा आणि साहित्याचा संयम या तीन गोष्टींत आहे. हे तीनही गुण सहज मिळणाऱ्या पिसांतून साधता येतात. म्हणून दुर्मिळ पक्ष्याच्या पिसाचा आग्रह सोडणाऱ्याला परंपरा सोडावी लागत नाही. उलट, १८५७ साली स्ट्यूअर्ट यांनी दाखविलेल्या वाटेनेच तो जात असतो.