बारा आण्यांचा मसाला

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून प्रवासी विमान उतरलं आणि वऱ्हाडाची बरीच जुनी मागणी पुरी झाली. त्याच बेलोऱ्यात एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. तिच्यासाठी कंपनीने ३४ छोट्या विमानांची मागणी नोंदवली: ३१ एक इंजिनी पायपर आर्चर आणि तीन दोन इंजिनी डायमंड. या विमानांत जुनी गोल घड्याळं नाहीत. वैमानिकापुढे गार्मिन जी-१००० हे पडद्यांचं पॅनेल असतं. वेग, उंची, क्षितिज, नकाशा, इंजिनाचं तापमान, सगळं त्यावरच दिसतं. कारखान्याने जसं बसवून दिलं तसंच ते वापरायचं. त्यात एखादं यंत्र बदलायचं म्हटलं, तरी आधी मंजुरीचा कागद लागतो.

घरी बांधलेल्या विमानाचं तसं नसतं. तिथे पॅनेल बांधणाऱ्याचं, निर्णय त्याचा आणि खिसाही त्याचाच. महाराष्ट्रात हा उद्योग तडीस नेणारं ठळक नाव कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि उड्डाणाचा परवाना यायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं. कागद मिळवण्यात गेलेला हा काळ पाहिला की आपल्याकडे असे हौशी बांधकामकार बोटांवर मोजण्याइतकेच का, ते वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेत मात्र हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून चालू आहे, आणि पॅनेलचं अंदाजपत्रक हा तिथला न संपणारा विषय आहे.

त्याचं कारण किमतीत सापडतं. गार्मिनचा जी-५ हा क्षितिज दाखवणारा तळहाताएवढा पडदा २०१६ साली बाजारात आला. घरगुती विमानासाठी तो बाराशे डॉलरच्या आसपास होता. प्रमाणित विमानात बसवायचा तर एकवीसशेच्या वर. पडदा तोच. जास्तीचे पैसे मुख्यतः मंजुरीचे. ही सवलत बघूनच हौशी माणूस खरेदीला निघतो आणि तिथेच फसतो, कारण यंत्राची किंमत ही खर्चाची नुसती सुरुवात असते. अँटेना, तिची केबल, विमानाच्या कातडीला पाडलेल्या भोकाखालची आधारपट्टी, सर्किट ब्रेकर, नवं कापलेलं पॅनेल आणि सगळ्यांत महाग म्हणजे तारांची जुडी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

तारांचं काम जवळून पाहावं. एका यंत्राच्या पाठीमागच्या जोडणीत पन्नासच्या वर पिना असू शकतात. प्रत्येक पिनेसाठी तारेचं वेष्टण मोजून सोलायचं, आतला एकही धागा तुटू न देता ती पिनेत घालायची, ठरलेल्या पकडीने दाबायची, मग ओढून पाहायची. ओढल्यावर सुटली ती बरी. अर्धवट धरून राहिलेली पिन हवेत धक्क्यागणिक रेडिओ बंद-चालू करते. साधारण पकड वापरून इथे वाचवलेले पैसे पुढे दोष शोधण्यात दुपटीने जातात.

दुसरा हिशेब विजेचा. साठ अँपियरचा अल्टरनेटर असेल, तर सततचा भार त्याच्या ८० टक्क्यांत, म्हणजे ४८ अँपियरमध्ये बसवावा, असा जुना संकेत आहे. दिवे, वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा हीटर, पडदे, रेडिओ, रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर हे सगळं एका कागदावर मांडून बेरीज करायची. जुनी क्षितिज दाखवणारी घड्याळं व्हॅक्यूम पंपावर फिरत; तो पंप काढला की वजन घटतं, पण क्षितिजही विजेवरच येतं. म्हणून राखीव बॅटरी ही चैन नव्हे. जी-५ ला स्वतःची बॅटरी जोडली, तर तो चार तासांपर्यंत चालतो. काढघाल झाल्यावर विमान पुन्हा तोलायचं, हेही वेळापत्रकात धरायला हवं.

आता वऱ्हाडापुरतं बोलू. अकोल्याच्या शिवणी धावपट्टीचं विस्तारीकरण कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडलं. घरगुती दोन आसनी विमानाचं त्याने काही बिघडत नाही. अशा बऱ्याच विमानांना तीन-चारशे मीटर पुरतात. घोडं अडतं ते उन्हापाशी. शिवणी समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंच. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाला ती सुमारे दीड हजार मीटर उंचीवरची वाटते. पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी आणि थंडावाही कमी. लायकॉमिंगच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस आहे आणि शहाणा वैमानिक तिच्या बराच खाली राहतो. तेव्हा पहिला खर्च प्रत्येक सिलिंडरचं तापमान वेगवेगळं दाखवणाऱ्या इंजिन मॉनिटरवर करावा. मोठा रंगीत नकाशा थांबू शकतो. पडद्यांचीही उष्णता सोसण्याची हद्द असते, आणि उन्हात उभ्या विमानाची काच बंद राहिली तर ती लवकर गाठली जाते. पॅनेलमागे छोटा पंखा आणि बाहेरून झाकण ही स्वस्तातली सोय.

नकाशा कोणता, हे उड्डाण कोणतं यावर ठरतं. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी शिवणीहून बेलोऱ्याला जायचं, तर हवाई अंतर शंभर किलोमीटरच्याही आत. साधा जीपीएस आणि चांगला रेडिओ भागवतो. ढगातून उतरायचं असेल, तर प्रमाणित नॅव्हिगेटर हवा आणि अंदाजपत्रक कित्येक हजार डॉलरनी फुगतं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ‘गगन’ ही जीपीएसची अचूकता वाढवणारी उपग्रह प्रणाली २०१५ पासून धावपट्टीकडे उतरतानाच्या उभ्या मार्गदर्शनासाठीही प्रमाणित आहे. त्यामुळे महागडी जमिनीवरची यंत्रणा नसलेल्या छोट्या विमानतळांना तिचा उपयोग. पण त्या विमानतळासाठी तशी पद्धत आखलेली असावी लागते आणि वैमानिकाकडे त्या उड्डाणाची पात्रताही. ती नसताना घेतलेला नॅव्हिगेटर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

यावर आयातीचा खर्च. विमानाच्या सुट्या भागांवरचा आयात जीएसटी जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के झाला, तोही अटींसह. लहरी प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रांना दूरसंचार विभागाचा बिनतारी परवाना वेगळा लागतो.

पैसे एकदम नसतील, तर काम टप्प्यांत करता येतं. पुढे येणाऱ्या यंत्रासाठी पॅनेलमध्ये जागा सोडावी, तिच्यावर कोरी पट्टी लावावी आणि तारा आत्ताच ओढून, नाव लिहून, टोकं झाकून ठेवाव्यात. आपत्कालीन बीकन मात्र पहिल्याच टप्प्यात हवा आणि तो ४०६ मेगाहर्ट्झचाच. जुना १२१.५ वाला स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती लहर ऐकतच नाहीत.